विरोधी बेंचमागच्या तीन खुर्च्या

मला फुटबॉलमधलं सगळं कळतं, फक्त खेळता येत नाही. शाळेत एकदा गोलकीपर म्हणून उभं केलं होतं. चेंडू पोटावर आला आणि चेंडूसकट मीच गोलमध्ये जाऊन बसलो. त्यानंतर मी रेषेच्या बाहेरूनच खेळत आलो आहे. बाहेरून मी आजवर एकही सामना हरलेलो नाही. हरते ती आमची टीम.

टीमचं नाव समता स्पोर्टिंग. रायपूरच्या शहर लीगमध्ये खेळते, म्हणजे निदान मैदानात उतरते. आमचा पारा, म्हणजे मोहल्ला, अर्धा रेल्वेवाल्यांचा आणि अर्धा उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांचा. आजोबा लोक भंडारा-गोंदियाकडून आले, येताना मराठी घेऊन आले. आम्ही ती अजून बोलतो आणि आमची पोरं तिला हिंदीत उत्तर देतात. मी स्वतः गौतम रामटेके. सगळी नोकरी क्रेन चालवण्यात गेली. उंच केबिनमध्ये बसून खालची माणसं कशी चुकीच्या जागी उभी आहेत हे बघायची सवय मला तिथेच लागली.

या वर्षी समताची कोच पूर्णिमा आहे. पूर्णिमा माझी मुलगी.

ती राज्याच्या टीमकडून खेळायची. गुडघा गेला, खेळणं सुटलं. मग तिने कोचिंगचा कोर्स केला, परीक्षा दिली, सकाळी शाळेत पीटी शिकवू लागली आणि संध्याकाळी मैदानावर उभी राहू लागली. आमच्या लीगमध्ये पुरुषांच्या टीमला बाई कोच ही पहिलीच. क्लबचे सेक्रेटरी बंडूभाऊ तिला टीम देताना म्हणाले होते, "देतो बाई, पण तळाले गेलो त कोच बदलू. मंग नाराज नको होऊ." तिने मान्य केलं. एवढं मोठं शहर, पण ही टीम हातून गेली तर दुसरी तिला कोणी देणार नव्हतं. हे तिला ठाऊक होतं, तिच्या आईला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं.

आणि तरीही "कोच बदला" असं सगळ्यात मोठ्याने कोण ओरडत होतं? मी.

याला कारण आहे. बाप पोरीची बाजू घेतो असं कोणी म्हणू नये, म्हणून मी पहिल्याच सामन्यापासून निःपक्षपाती झालो. निःपक्षपातीपणाची मला इतकी हौस आली की मी सरळ विरोधी पक्षात जाऊन पोचलो. ती बचाव करायला लागली की मी म्हणायचो, घाबरट डावपेच. ती हल्ला करायला लागली की म्हणायचो, मागे कोण आहे? एकदा आम्ही चुकून जिंकलो, तेव्हा मी म्हणालो की जिंकायची ही काही पद्धत नाही.

माझ्या सोबतीला दोन जाणकार होते. एक लहानूभाऊ, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त. गाडी असो वा टीम, ती पुढेच गेली पाहिजे, एवढं एकच तत्त्व ते मानतात. दुसरे अच्युतराव, शंकर नगरात राहतात, विमा कंपनीत होते, युरोपातले सामने टीव्हीवर बघतात आणि तिथल्या कोचांबद्दल असं बोलतात की जणू ते शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात.

"अकराच्या अकरा पुढं पाठव म्हना," लहानूभाऊ म्हणायचे. "मांगं ठेवून काय लोनचं घालाचं हाय?"

"लहानूभाऊ, आजकाल मिडफिल्डमध्ये दाब टाकतात. प्रेसिंग," अच्युतराव सांगायचे.

"आमच्या पोट्ट्याहिले धाप लागते, प्रेसिंग कुठून करतील?"

"म्हणून तर मी म्हणतो, कोचच बदला," असं मी म्हणायचो आणि चर्चेचा निकाल लावायचो.

ही चर्चा जिथे चाले ती जागा सांगायला हवी. लीगचे सगळे सामने एकाच मैदानावर होतात. समताचा बेंच पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे संध्याकाळचं ऊन थेट डोळ्यांत. समोरच्या बाजूला विरोधी बेंच, आणि त्यामागे एक मोठं कडुनिंबाचं झाड. आम्ही तिघंही वयस्क. साहजिकच झाडाखाली जाऊन बसलो. सुरुवातीला वर्तमानपत्र अंथरून बसायचो. तिसऱ्या की चौथ्या सामन्याला विरोधी टीमच्या पोरांनी तीन खुर्च्या आणून मांडल्या. त्यापुढच्या सामन्याला चहा आला. मग समोसे. टीम दर वेळी वेगळी, पण खुर्च्या, चहा आणि समोसे ठरलेले.

"पाहा," लहानूभाऊ समोसा फोडत म्हणाले, "बाहेरच्याहिले आपली कदर आहे. आपल्या टीमनं कधी पानी तरी विचारलं का?"

मलाही ते पटलं. जाणकाराचा मान त्याच्या घरात होत नाही, बाहेरच होतो, असं मी वनमालाला घरी जाऊन सुनावलं. वनमाला, माझी बायको, भाकरी थापत होती. ती म्हणाली, "दुसऱ्याचे समोसे खाऊन आपल्या पोरीले नावं ठेवता. पचते बरं तुम्हाले."

आता एक सवय सांगतो, ती आमच्याकडच्या प्रत्येक मराठी माणसाला आहे. गोल बाजारात साडी घ्यायला गेलो की दुकानदाराशी हिंदीत बोलायचं आणि खासगी ते मराठीत. वनमाला त्याच्या तोंडावर मला म्हणणार, "रंग छान आहे, पन चेहऱ्यावर नका दाखवू, त्याले समजू देऊ नका." मी चेहरा दगडासारखा करणार. दुकानदारही दगडासारखाच चेहरा करून बसणार. त्याच्या आजोबापासून त्यांच्याकडे निम्मं गिऱ्हाईक मराठी आहे, पण आम्हाला वाटतं की मराठी बोललो म्हणजे खोलीचं दार लावलं. डॉक्टरकडे, बँकेत, शेअर ऑटोत, पोरीला पाहायला आलेल्या लोकांपुढेसुद्धा आम्ही हेच दार लावतो. त्या दाराला भिंती नाहीत, हे आजवर आमच्या कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

त्यामुळे विरोधी बेंचच्या मागे, हाताच्या अंतरावर बसून आम्ही सगळं मराठीत बोलायचो.

बोलायला माझ्याकडे भरपूर असायचं. पूर्णिमा सामन्याच्या आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर बाटल्यांची झाकणं मांडून विचार करायची. कोणतं झाकण कुठे उभं राहील, कोणतं सेकंड हाफमध्ये उतरेल, कॉर्नर कोण मारेल. मी वरणात भाकरी कुस्करत सगळं बघायचो, वर दोन सूचनाही द्यायचो. त्या ती ऐकायची नाही. मग दुसऱ्या दिवशी झाडाखाली मी त्याचा वचपा काढायचो. "आज धम्मदीपला डावीकडून खेळवणार आहे. मी म्हटलं नको. पाहा आता कसं होते." धम्मदीप आमचा कॅप्टन, प्लांटमध्ये वेल्डर, टीमचे निम्मे गोल त्याचेच.

आणि पाहतो तर काय, समोरच्या टीमचे दोन बॅक सामना सुरू व्हायच्या आतच धम्मदीपच्या अंगाला चिकटून उभे.

"सांगितलं होतं ना मी!" मी टाळी मारायचो. "त्यांना कळलं. जे मला कळतं ते त्यांना कळणार नाही का? एकीलाच कळत नाही."

असं होत होत टीम खाली खाली गेली. पूर्णिमा घरी गप्प राहू लागली. एकदा जेवताना म्हणाली, "आई, मले समजून नाही राहिलं. मी काही करायच्या आधीच त्याहिले मालूम राहते. टीममधलाच कोणी तरी सांगते." धम्मदीपचा साळा दुसऱ्या क्लबात खेळत होता. तिने धम्मदीपला दोन सामने बाहेर बसवलं. ते दोन्ही आम्ही हरलो. आपल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूला बसवणारी ही कसली कोच, यावर आम्ही तिघांनी झाडाखाली दोन्ही सामने भरपूर चर्चा केली. तिसऱ्या सामन्याला धम्मदीप परत आला. काही न बोलता खेळला. मात्र त्यानंतर टेबलावरची झाकणं दिसेनाशी झाली. मला वाटलं, पोरीकडचे डावपेच संपले.

शेवटून दुसरा सामना बीरगांवच्या नवज्योत क्लबशी होता. तोही हरलो. आता शेवटच्या सामन्यात बरोबरी तरी हवीच होती, नाही तर टीम खालच्या गटात आणि पूर्णिमा घरी. आम्ही उठून पँट झटकत होतो, इतक्यात नवज्योतचा कोच यशदीप जवळ आला. तिशीचा पोरगा. सामनाभर हिंदीत ओरडत होता. तो माझ्या पाया पडला.

"जय भीम, काका. येतो मंग," तो म्हणाला. "लय मदत झाली तुमची. पुढच्या सीझनलेही असंच या."

मी म्हणालो, "जय भीम." मग माझ्या कानाला काहीतरी खटकलं. "तू मराठी होय का रे?"

"तुमसरचा ना मी, काका. आईकडून गोंदिया." तो हसला. "आमच्यात कोनी ना कोनी राहतेच मराठी समजनारं. ज्या टीममंदी नाही, त्याहिनं मुद्दाम एक घेतला बाहेरून. सुरुवातीले मॅच पाहाले आलो होतो तेव्हा तुमचं बोलनं ऐकलं, मंग मीच सगळ्याहिले सांगून ठेवलं, रामटेके काकाले खुर्ची देत जा, चहा पाजत जा, मंग काही विचाराची गरजच नाही."

लहानूभाऊंच्या हातात समोसा होता. तो त्यांनी हळूच खुर्चीवर ठेवून दिला.

"आम्ही मुद्दाम नाही बोललो रे," माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

आता यशदीप गोंधळला. "मुद्दाम नाही? आमाले वाटे तुम्हाले ती कोच म्हनून नकोच आहे. सगळ्या लीगमंदी हेच म्हनतात काका, की तिचा बापच तिले काढाच्या मांगं आहे. मंग आम्ही म्हटलं, घरचाच मामला आहे."

तो पुन्हा पाया पडून गेला. आम्ही तिघं उभे होतो. मला फार लाज वाटली. मी सीझनभर माझ्या मुलीचा एकेक डाव तिच्या शत्रूला नेऊन दिला होता, तोही चहाच्या बदल्यात. आणि त्याहून वाईट म्हणजे त्यात त्यांना काही विशेष वाटलं नव्हतं.

शहाण्या माणसाने सरळ घरी जाऊन मुलीला सांगितलं असतं. पण आम्ही शहाणे नव्हतो, जाणकार होतो. अच्युतरावांनी स्कूटरला किल्ली लावता लावता एकदम वर पाहिलं. "गौतमराव, हे तर हत्यार आहे आपल्या हातात! त्यांना वाटतं आपण खरं बोलतो. शेवटच्या सामन्याला आपण खोटं बोलायचं. युरोपात याला..."

"युरोप राहू द्या," लहानूभाऊ म्हणाले, "पन आयडिया झ्याक आहे."

मलाही ती झ्याक वाटली. नुकसान आपण केलं, भरपाईही आपणच करू, आणि पूर्णिमाला कधी कळणारही नाही. लाजेतून मान वर काढायला एवढी सोयीची वाट कोणाला नको असते?

सामन्याच्या आदल्या दिवशी जेवायला बसलो तर काय आश्चर्य, कितीतरी दिवसांनी टेबलावर झाकणं आली. पूर्णिमा स्वतःहून म्हणाली, "बाबा, उद्याचं सांगू का?" आणि तिने सगळं समजावून सांगितलं. सगळा हल्ला उजवीकडून. धम्मदीप उजवीकडे. डावी बाजू फक्त दाखवायला. "समजलं ना बाबा? उजवीकडून," तिने पुन्हा एकदा सांगितलं. मी म्हणालो, समजलं. माझे डोळे भरून आले होते. पोरीचा बापावर किती भरवसा, असं मनात आलं. वनमाला माझ्याकडे बघत होती आणि पदराने तोंड पुसत होती.

दुसऱ्या दिवशी समोर डायमंड क्लब होता. खुर्च्या मांडलेल्याच होत्या. आम्ही बसलो. चहा आला. मी घसा साफ केला.

"आज पोरगी सगळा हल्ला डावीकडून करून राहिली," मी डायमंडच्या बेंचच्या बरोबर मागून, बातम्या देणाऱ्यासारखं स्पष्ट म्हणालो.

"डावीकडून?" लहानूभाऊंनी विचारलं. "डावीकडूनच का पन?"

"डावीकडूनच. धम्मदीपही डावीकडेच."

"काय म्हणता! डावीकडून!" अच्युतराव म्हणाले. तिघांपैकी सगळ्यात वाईट नट तेच होते.

डायमंडच्या बेंचवरच्या एका पोराने मान वळवली नाही, पण त्याचे कान लाल झाले. तो उठून कोचच्या कानाला लागला. आम्ही एकमेकांना गुडघ्याने ढोसलं. आयुष्यात पहिल्यांदा मी फुटबॉल खेळत होतो.

शिट्टी वाजली. समताने चेंडू घेतला आणि घेऊन निघाली डावीकडून.

मी म्हणालो, "दाखवायला आहे ते." पुन्हा चेंडू आला, पुन्हा डावीकडून. धम्मदीप डावीकडे. सगळेच डावीकडे. आणि तिथे डायमंडचे पाच जण वाट बघत उभे. त्यांनी चेंडू काढून घेतला, आमची उजवी बाजू मोकळी होती, तिथून सरळ गेले आणि गोल केला.

"तू तर म्हटलं उजवीकडून!" लहानूभाऊ माझ्या कानात किंचाळले.

"ती म्हणाली उजवीकडून!"

हाफटाइमला पूर्णिमा मैदान ओलांडून थेट आमच्याकडे आली. डायमंडची पोरं बाजूला झाली. ती माझ्यासमोर उभी राहिली, कमरेवर हात, कपाळावर घाम.

"बाबा, काल मी तुम्हाले काय सांगितलं होतं?"

"उजवीकडून."

"आणि तुम्ही इथं काय सांगितलं?"

मी चहाच्या कपाकडे पाहिलं. "डावीकडून."

ती तिथेच गवतात बसली आणि कपाळाला हात लावला. "पूरा सीझन, बाबा. पूरा सीझन तुम्ही एकही गोष्ट पोटात नाही ठेवली. या खुर्च्या अन् समोसे पाहून मले मालूम झालं तेव्हा मी म्हटलं, चला, बाबाच्या बोलन्याचा एकदा तरी उपयोग करून घेऊ. तुम्ही सांगालच, याच्यावर मी मॅच लावली होती. आणि आजच तुम्हाले अक्कल आली?"

"तुले मालूम होतं? मंग बोलली काहून नाही?"

"आईनं नाही म्हटलं. म्हने, बोलनं बंद केलं त तुझे बाबा बिमार पडतील." ती उठली, गवत झटकलं. "धम्मदीपची माफी मागितली मी. त्यानं विचारलं, दीदी, फिर कौन था? मी तुमचं नाव नाही सांगितलं."

आणि ती परत गेली. जाताना ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसरा हाफ आम्ही तिघांनी एक शब्द न बोलता काढला. बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आणि मग एक गंमत झाली. तोंड बंद असल्यामुळे मला सामना दिसायला लागला. इतक्या दिवसांत मी तो पाहिलाच नव्हता, मी फक्त त्याच्यावर बोललो होतो. मला दिसलं की तिने हाफटाइमच्या तेवढ्या वेळात सगळी मांडणी फिरवली होती. थकलेल्या पोराला ती नावाने हाक मारत होती आणि तो सरळ उभा राहत होता. आमचे ते धाप लागणारे पोट्टे डायमंडला त्यांच्याच अर्ध्यात दाबून धरत होते. एकदा चेंडू बारला लागला. एकदा गोलकीपरच्या बोटांना लागून बाहेर गेला.

पण गोल काही झाला नाही. शिट्टी वाजली आणि समता खालच्या गटात गेली.

बंडूभाऊंनी तिथेच, गोलपोस्टजवळ, कमिटीला बोलावलं. कमिटीत आम्ही तिघंही होतो, आणि कॅप्टन म्हणून धम्मदीप. पूर्णिमा थोडी बाजूला, जाळ्या गुंडाळत होती.

"सुरुवातीले ठरलं होतं ते सगळ्याहिले याद आहे," बंडूभाऊ म्हणाले. "मले काही आनंद नाही. पोरगी मेहनती आहे. पन मी काय बोलू? गौतमभाऊच पहिल्या मॅचपासून म्हनून राहिले की तिले जमत नाही. बापच असं म्हनते, मंग आम्ही कोन्या तोंडानं तिले ठेवाव?"

चार-पाच माना हलल्या. मी मान खाली घातली. माझं एकेक वाक्य त्यांना पाठ होतं. घाबरट डावपेच. मागे कोण आहे. जिंकायची ही पद्धत नाही. मी ती वाक्यं नुसती हवेत सोडली होती, पण लोकांनी ती उचलून घरी नेली होती.

"मी चुकीचं बोललो," मी म्हणालो. "काहीच्या काही बोललो. तिचे डाव आमच्या तोंडानं फुटले. टीम हरली ते आमच्यामुळं." आणि चहा-समोशांसकट सगळं सांगितलं. धम्मदीप माझ्याकडे बघत राहिला. त्याची नजर मला सोसवेना.

लोक आधी हसले. मग बंडूभाऊ म्हणाले, "आज पोरीवर आलं म्हनून बाप बोलून राहिला, हे समजते आमाले. हात वर करा. कोच राहावी असं कोनाले वाटते?"

पहिला हात धम्मदीपचा वर गेला. "दीदी रहेगी तो मैं नीचे वाली लीग भी खेलूँगा," तो म्हणाला. मग अच्युतरावांचा, लहानूभाऊंचा, आणखी काहींचा. शेवटी माझा. बंडूभाऊंनी मोजलं. माझा हात धरला तर पूर्णिमा राहत होती. नाही धरला तर बरोबरी, आणि बरोबरीत शेवटचा शब्द सेक्रेटरीचा.

"गौतमभाऊ, तुमचा हात नाही धरता येत," बंडूभाऊ म्हणाले. "तुम्ही बाप आहा."

म्हणजे विरोधात बोलत होतो तोवर मी जाणकार होतो. बाजूने हात वर केला आणि बाप झालो. मला उत्तर सुचलं नाही. मला, गौतम रामटेकेला, उत्तर सुचलं नाही.

उत्तर पूर्णिमाने दिलं. जाळी खांद्यावर टाकून ती पुढे आली. "बंडूकाका, बाबा माझ्याविरुद्ध बोलत होते तेव्हा ते बाप नव्हते का? तेव्हा त्याहिचं बोलनं धरलं ना तुम्ही? आताच तर तुम्ही तेच सांगून राहिले होते. मंग आजचा हातही धरा. नाही त ते पहिलंही सोडा."

बंडूभाऊंनी डोकं खाजवलं. कोणीतरी म्हणालं, "हव, बराबर है." बंडूभाऊंनी पुन्हा मोजलं, या वेळी माझ्यासकट, आणि पूर्णिमा राहिली. खालच्या गटात, पण राहिली. धम्मदीप जाता जाता माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "काका, मैं दो मैच बाहर बैठा आपके कारण." मी हात जोडले. तो म्हणाला, "रहने दो," आणि माझ्या पायाजवळची चेंडूंची पिशवी उचलून घेऊन गेला.

घरी जाताना स्कूटी पूर्णिमा चालवत होती. मी मागे बसलो होतो, जाळी मांडीवर घेऊन. रेल्वे फाटक बंद होतं. तिने गाडी बंद केली. मालगाडी यायला अजून वेळ होता. आजूबाजूला लोक गाड्या बंद करून उभे होते.

"बाबा," ती मागे न बघता म्हणाली. "खरं सांगा. मले जमते का हे?"

माझ्याकडे सांगायला पुष्कळ होतं. पहिल्या हाफमध्ये उजवा बॅक मागे ओढायला हवा होता. कॉर्नर धम्मदीपने मारू नये. सगळं जिभेवर आलं होतं. पण मला दुसऱ्या हाफमधली ती पोरं आठवली, तिच्या हाकेसरशी सरळ उभी राहणारी. मला तिचा इतका अभिमान वाटला की तो नीट सांगताही येईना.

"जमते," मी म्हणालो.

ती थांबली. बहुधा पुढचं ऐकायला. मालगाडी आली, डब्यांमागून डबे गेले, फाटक वर झालं, मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

"एवढंच?" तिने विचारलं. "पन वगैरे काही नाही?"

"नाही."

तिने गाडी सुरू केली. "मंग खरं असेल," ती म्हणाली.